छपराखालचा वारा

कोकणात एप्रिल-मे महिन्यांत शाकारणीची कामं निघतात. कौलं उतरवून झाडायची, फुटकी बाजूला काढायची, निसटलेल्या रिपा ठोकायच्या आणि पुन्हा ओळी लावायच्या. अलीकडे या कामात एक नवंच दृश्य दिसू लागलं आहे. घर बाहेरून धड असतं, गळतीची तक्रार नसते, हॉलमध्ये पांढरंशुभ्र पीव्हीसीचं सीलिंग चकाकत असतं. कौलं काढली की मात्र वाशांवर पांढुरकी बुरशी दिसते, रिपेला बोट लावलं की तिचा भुगा होतो आणि आढ्याजवळ कुबट वास कोंडलेला असतो. हे सगळं सीलिंग आणि कौलं यांच्यामध्ये अडकून पडलेल्या दमट हवेचं काम असतं.

छपराखालच्या या जागेला कुणी माळा म्हणतं, कुणी पोटमाळा. तिथे कुणी राहत नाही, पाहुणे डोकावत नाहीत, म्हणून घर दुरुस्त करताना तिचा विचार सगळ्यांत शेवटी होतो किंवा होतच नाही. छपराचं लाकूड पन्नास वर्षं टिकणार की दहा वर्षांत बदलावं लागणार, हे मात्र बऱ्याच अंशी याच जागेत ठरतं. तिथे हवा शिरायला आणि निघून जायला कायमची वाट आहे का, हा प्रश्न कौलांच्या रंगाआधी आणि सीलिंगच्या नक्षीआधी विचारायला हवा.

जुन्या घरात हे आपोआप व्हायचं

नळ्यांची कौलं नुसती एकावर एक रचलेली असत. त्यांच्या फटींतून वारा सहज खेळे. पुढे मंगळूरी कौलं आली. बासेल मिशनने १८६०च्या दशकात मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला आणि समुद्रमार्गे ही लाल कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. ‘बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५’ असा शिक्का असलेली कौलं जुन्या घरांवर अजूनही सापडतात. खाचेत खाच अडकणारं हे कौल पाणी चांगलं अडवतं, तरी ते हवाबंद नसतं. हजारभर कौलांच्या छपरात प्रत्येक सांध्याला बारीक फट राहते आणि त्या सगळ्या मिळून बरीच हवा जाते-येते.

शिवाय भिंती कौलांपर्यंत चढवलेल्या नसत. भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामध्ये मोकळी जागा राही. वळचणीतून गार हवा आत येई, तापून वर चढे आणि आढ्याजवळच्या फटींतून बाहेर पडे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या लाकडी छतांना जाळीकाम असे. केरळात घराच्या दोन्ही टोकांना छपराच्या त्रिकोणात कोरीव लाकडी झरोके असतात. ब्रिटिश काळातल्या गोदामांवर आणि रेल्वेच्या शेडवर आढ्याच्या जागी थोडी उंचावलेली दुसरी छोटी छपरी दिसते, तिच्या दोन्ही बाजूंनी गरम हवा बाहेर पडते. प्रांत वेगळे, सुतार वेगळे, पण सगळ्यांनी खालून आत आणि वरून बाहेर हाच मार्ग ठेवला.

चूलही या कामात मदत करी. पावसाळ्याचे चार महिने स्वयंपाकघरातला धूर आणि ऊब वर जाऊन वासे कोरडे ठेवत. काजळीचा थर बसलेल्या काळ्या वाशांना कीडही कमी लागे. गॅस आला हे बायकांच्या डोळ्यांसाठी आणि फुप्फुसांसाठी फार चांगलं झालं, त्यात वाद नाही. पण चूल गेली तेव्हा छपराला रोज मिळणारी धुरीही गेली, आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही.

याच काळात इतरही बदल झाले. भिंती कौलांना टेकेपर्यंत वर नेल्या गेल्या. चोर, उंदीर, साप येऊ नयेत म्हणून वळचणी सिमेंटने लिंपल्या. गळती नको म्हणून कौलांखाली प्लास्टिकचा कागद आला. गणपतीच्या आधी घर झकास दिसावं म्हणून सीलिंग ठोकलं गेलं. यातला प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर समजण्यासारखाच आहे. सगळे एकत्र आले की माळा चहूबाजूंनी बंद होतो. त्यात घरमालक मुंबईला, घराला अकरा महिने कुलूप. खिडक्या उघडणारंही कुणी नाही.

लाकूड किती ओल सोसतं?

लाकूड हवेतली ओल शोषतं आणि हवा कोरडी झाली की सोडून देतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १३ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८० टक्के झाली की ती १६च्या आसपास जाते आणि ९० टक्क्यांना २०च्या जवळ पोचते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला २० टक्क्यांखाली वाढता येत नाही. ओल २५-३० टक्क्यांवर गेली की तिला रान मोकळं मिळतं.

कोकणच्या पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५-९०च्या घरात असते. म्हणजे नुसत्या हवेमुळेच वासे जुलै-ऑगस्टमध्ये धोक्याच्या रेषेच्या अगदी अलीकडे येऊन थांबतात. मग एखादं कौल थोडं गळलं, बाथरूमची वाफ वर गेली किंवा माळ्यावर ओले कपडे वाळत घातले, की ती रेषा ओलांडली जाते. हवा खेळती असेल तर जास्तीची ओल दोन-चार दिवसांत निघून जाते. कोंडलेल्या माळ्यात ती दिवाळीपर्यंत तिथेच राहते.

पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने कितीही वारा खेळवला तरी लाकूड खडखडीत वाळणार नाही. घरात तयार झालेली आणि गळतीतून आलेली ओल साचू न देणं, एवढंच त्या महिन्यांत वाऱ्याकडून अपेक्षित असतं. खरी वाळवण ऑक्टोबरच्या उन्हात होते. त्या महिन्यात माळ्याची हवा मोकळी असेल तर वर्षाची ओल पंधरा-वीस दिवसांत उतरते, आणि बंद असेल तर वासे ओल घेऊनच हिवाळ्यात जातात.

ओलसर लाकूड वाळवीलाही आवडतं. जमिनीतून मातीच्या नळ्या करत भिंतीवरून चढणाऱ्या वाळवीला सतत ओल लागते. वर दमट, अंधारी, कुणी न फिरकणारी जागा मिळाली की तिला परत खाली उतरायचं कारण उरत नाही.

पाऊस नाही, तरी पत्रा गळतो

ज्यांनी कौलं काढून रंगीत पत्रे घातले, त्यांची अडचण वेगळी असते. लोखंडी पत्रा उन्हात ६०-७० अंशांपर्यंत तापतो आणि ती उष्णता खालच्या सीलिंगवर ओततो. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री तोच पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. आतली दमट हवा त्याला लागली की पत्र्याच्या पोटावर दव धरतं. पहाटे थेंब पडू लागतात, सीलिंगवर तपकिरी डाग उमटतात आणि फॅब्रिकेटरला बोलावून स्क्रूभोवती पुन्हा पुन्हा सिलिकॉन भरलं जातं. गळती थांबत नाही, कारण पाणी बाहेरून येतच नसतं.

याची ओळख सोपी आहे. थेंब पहाटे पडतात आणि ऊन वर आलं की थांबतात. ते एका जागी न पडता पत्र्याच्या सगळ्या पोटावर दिसतात. स्क्रू गंजतात, ते बहुधा खालच्या बाजूने. अशा वेळी दोन उपाय एकत्र करावे लागतात. पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यायचा, म्हणजे दमट हवा थेट गार धातूला लागत नाही. आणि माळ्यातली हवा वाहती ठेवायची, म्हणजे घरातली वाफ वर साठत नाही आणि जे दव धरेल ते सकाळी लवकर सुकतं. नुसत्या झरोक्यांनी दव पूर्ण थांबणार नाही, कारण रात्रीची बाहेरची हवाही दमट असते. पण थेंबांचं तळं होणं त्यामुळे टळतं.

बाजारात मिळणारी चंदेरी बबल फॉईल लावताना एक गोष्ट हमखास चुकते. तिचा चकचकीत पृष्ठभाग उष्णता परतवतो, पण त्यासाठी त्याच्यासमोर किमान इंचभर मोकळी हवा लागते. फॉईल दोन्ही बाजूंनी पत्रा आणि सीलिंग यांच्यामध्ये दाबून बसवली, तर तिच्यावर केलेल्या खर्चाचा मोठा भाग वाया जातो.

किती जागा मोकळी ठेवायची?

गरम हवा वर चढते, हे सगळ्यांना माहीत असतं. ती बाहेर पडायला वर भोक ठेवलं पण तिच्या जागी खालून दुसरी हवा यायला वाट ठेवली नाही, तर वरचं भोक नावापुरतंच उरतं. म्हणून जागा दोन ठिकाणी हवी: खाली वळचणीत आणि वर आढ्याजवळ. दोन्हींमधल्या उंचीचं अंतर जितकं जास्त, तितका ओघ चांगला.

आकार ठरवायला अमेरिकेतल्या घरबांधणी नियमांतला एक ठोकताळा उपयोगी पडतो. तिथल्या लाकडी घरांवर उतरतं छप्पर आणि त्याखाली बंद अॅटिक असतो. १९४२ साली फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनने अॅटिकच्या क्षेत्रफळाच्या तीनशेव्या भागाइतकी हवेची जागा ठेवायला सांगितलं. आजच्या नियमांत दीडशेवा भाग हा मूळ आकडा आहे, आणि वर-खाली समतोल विभागणीसारख्या अटी पाळल्या तर तीनशेवा भाग चालतो. न्यू जर्सी किंवा शिकागोकडे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना घराच्या तपासणी अहवालात याच आकड्यांची गाठ पडते. तिथे भीती थंडीची असते. घरातली वाफ वर जाऊन गोठलेल्या फळ्यांवर जमते आणि बुरशी धरते. बाथरूमच्या पंख्याचा पाइप छपराबाहेर न काढता अॅटिकमध्येच सोडलेला असणं, हे त्याचं तिथे नेहमी सापडणारं कारण.

आपल्या उघड्या कौलारू छपराला या हिशेबाची गरज नाही, कारण ते मुळातच फटींचं असतं. पण सीलिंग, प्लास्टिक, लिंपलेली वळचण किंवा पत्रा असेल, तर दीडशेवा भाग किमान समजून चालावं.

तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद घर घेऊ. क्षेत्रफळ ६०० चौरस फूट, म्हणजे हवेची मोकळी जागा ४ चौरस फूट. त्यातली निम्मी खाली, निम्मी वर. खालचे २ चौरस फूट दोन्ही बाजूंच्या मिळून साठ फूट वळचणीत वाटले, तर जेमतेम अर्ध्या इंचाची फट पुरते. जाळी बसवली की तिच्या तारा बरीच जागा खातात, म्हणून फट इंचभर ठेवावी. वरचे २ चौरस फूट दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींत वाटले की प्रत्येकी एक चौरस फूट होतो. तिरप्या पट्ट्या आणि जाळी मिळून निम्मी वाट अडवतात असं धरलं, तर प्रत्येक झरोका दीड फूट रुंद आणि सोळा इंच उंच हवा. एवढ्यासाठी काही मोठं बांधकाम काढावं लागत नाही. गवंड्याचं आणि सुताराचं दोन दिवसांचं काम आहे.

झरोका कुठे, कसा

कोकणात पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. पश्चिमेच्या भिंतीतला झरोका उघडा ठेवला तर आडवा पाऊस थेट माळ्यावर येणार. म्हणून त्या बाजूच्या झरोक्याला बाहेरच्या दिशेने खाली झुकलेल्या, एकमेकींवर चढणाऱ्या पट्ट्या बसवाव्यात आणि वर हातभर पुढे आलेली छपरी द्यावी. पूर्वेकडचा झरोका त्या मानाने मोकळा चालतो. दोन्ही टोकांना झरोके असले की वारा आरपार जातो.

आढ्यावरचे कोने सिमेंटमध्ये बसवले जातात, तिथून हवा जात नाही. छपराच्या रचनेमुळे टोकाच्या भिंतींत झरोके करणं शक्य नसेल, म्हणजे चारही बाजूंना उतार असेल, तर आढ्याजवळच्या ओळीत हवेची वाट असलेली खास कौलं घालता येतात. त्यांच्या पाठीवर छोटी टोपी असते, तिच्याखालून हवा निघते आणि पाणी आत येत नाही. ती पूर्वेच्या पाख्यावर घालावीत.

जाळीची निवड विचारपूर्वक करावी. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी धूळ आणि कोळीष्टकांनी वर्षभरात बुजते. साधारण ६ मिलिमीटर भोकांची, न गंजणारी तारेची जाळी उंदीर, वटवाघूळ आणि पाखरं रोखते आणि हवा जाऊ देते. उंदीर थांबले की त्यांच्या मागावर येणारी धामणही माळ्यावर चढत नाही. वळचण लिंपायचं जे मूळ कारण होतं, ते अशा जाळीने भागतं.

कारखान्यांच्या शेडवर वाऱ्याने फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर दिसतात. तेच घरावर बसवायचा मोह होतो. मोठ्या पत्र्याच्या छपराला ते उपयोगी पडतात, पण दोन अटींवर. खालून हवा यायला तितकीच जागा हवी, आणि पत्र्याला पाडलेल्या भोकाभोवतीचं पाणीरोधक काम नीट हवं. कौलारू छपराला भोक पाडून ते बसवणं म्हणजे गळतीला आमंत्रण. विजेचा एक्झॉस्ट पंखा माळ्यात लावायचा विचार असेल, तर आणखी एक धोका लक्षात घ्यावा. वळचणीतून पुरेशी हवा मिळाली नाही तर पंखा ती खालच्या खोल्यांतून, सीलिंगच्या फटींतून ओढतो. खोलीत एसी असेल तर गार हवेचं बिलही छपरातून बाहेर जातं. शिवाय बंद घरात पंखा कोण चालू करणार? वाऱ्यावर आणि उष्णतेवर चालणारा साधा झरोका कुलूप लावलेल्या घरातही काम करत राहतो.

सीलिंग हवंच असेल तर

सीलिंग लावूच नये असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. कौलांतून झिरपणारी धूळ, पडणाऱ्या पाली, उन्हाळ्यातली उष्णता यांना कंटाळलेल्या घराला ते हवंसं वाटणारच. ते लावताना थोडी काळजी घेतली की झालं.

सीलिंग आणि वासे यांच्यामध्ये वळचणीपासून आढ्यापर्यंत हवेचा सलग मार्ग राहायला हवा. सीलिंगची चौकट वळचणीच्या तोंडाशी भिंतीला टेकवून तोंडच बंद करणं, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. दुसरं, एका कोपऱ्यात माणूस आत डोकावू शकेल एवढी, दोन फुटांची उघडझाप होणारी फळी ठेवावी. जे दिसत नाही ते तपासलं जात नाही. तिसरं, स्वयंपाकघराची चिमणी आणि बाथरूमचा पंखा यांचा पाइप भिंतीतून थेट घराबाहेर काढावा. माळ्यात सोडलेला चिमणीचा पाइप रोज वाफ आणि तेलकट धूर वाशांवर ओतत राहतो.

कौलांखाली कागद घालायचाच असेल तर त्याचा क्रम महत्त्वाचा. वाशांवर कागद, त्यावर वाशांच्याच दिशेने उतरणाऱ्या उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा आणि मग कौलं. या उभ्या पट्ट्यांमुळे कौलांतून आलेलं पाणी रिपांखालून वाहत वळचणीबाहेर पडतं आणि कागदाच्या वर हवाही फिरते. कागद थेट रिपांखाली ताणून ठोकला तर पाणी प्रत्येक रिपेशी अडतं आणि रिपा त्याच पाण्यात बसून राहतात. कागदाचं खालचं टोक भिंतीच्या आत न संपवता पागोळीच्या पुढे काढावं, नाहीतर सगळं पाणी भिंतीच्या माथ्यात मुरतं. आणि कागदाखालच्या माळ्याला वर सांगितलेले झरोके लागतातच.

लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल किंवा बाजारातलं वाळवीरोधक द्रव्य लावायची पद्धत चांगली आहे, पण ते कोरड्या लाकडाला लावायचं असतं. ओल्या वाशाला रंग किंवा वॉर्निश चढवलं तर ओल आत कोंडली जाते. म्हणून हे काम दिवाळीनंतर, लाकूड वाळल्यावर करावं.

माळ्यावर सामान ठेवायलाही हरकत नाही. भाताची कणगी, नारळ, जुनी भांडी, गणपतीचं मखर, सगळं तिथेच जाणार. फक्त वळचणीच्या बाजूचा दीड-दोन फुटांचा पट्टा मोकळा सोडावा. तिथे पोती रचली की झरोका असून नसल्यासारखा होतो.

वादळाचाही विचार

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत घरांची कौलं आणि पत्रे उडाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. झरोके ठेवले तर वारा आत शिरून छप्पर उचलेल, ही भीती त्यानंतर अनेकांच्या मनात बसली आहे.

भीतीला आधार आहे. वाऱ्याच्या बाजूला मोठी उघडी जागा असेल आणि समोरून बाहेर जायला वाट नसेल, तर आतला दाब वाढतो. बाहेरून वारा छपराला वर ओढत असतो, आतून दाब वर ढकलतो आणि छप्पर सुटतं. वादळात फुटलेली खिडकी किंवा उघडलेला दरवाजा नेमकं हेच करतो. लहान, जाळी लावलेले, दोन्ही बाजूंना समसमान वाटलेले झरोके हा दाब साठू देत नाहीत. पत्रा आणि कौलं टिकतात ती मुख्यतः बांधणीमुळे. वासे तुळईला आणि तुळई भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडलेली असावी. वळचणीच्या आणि कडेच्या ओळींतली कौलं तारेने बांधलेली असावीत. पत्र्याच्या कडांना मधल्या भागापेक्षा दाट स्क्रू असावेत. झरोका काढायला गवंडी आलाच आहे, तर हे कामही त्याच फेरीत उरकावं.

शहरातल्या गच्चीवरची शेड

मुंबई-पुण्याच्या अनेक जुन्या इमारतींनी गळकी गच्ची झाकायला वर पत्र्याची शेड घातली आहे. इथे स्लॅब आणि पत्रा यांच्यामधली जागा म्हणजे माळाच. चारही बाजू मोकळ्या असल्या तर ती शेड वरच्या मजल्याला उन्हापासून मोठा दिलासा देते, कारण तापलेल्या पत्र्याखालची हवा वाऱ्यासोबत निघून जाते. बाजूंनी पत्रे ठोकून ती बंद केली की त्याच शेडची भट्टी होते आणि स्लॅब रात्रीही गार होत नाही. शेड घालण्याआधी महापालिकेची परवानगी घ्यावीच. बाजू बंद केल्यास ते वाढीव बांधकाम ठरू शकतं, हेही सोसायटीच्या सभेत आधी सांगितलेलं बरं.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना भोकं पाडण्याचा किंवा ते कापण्याचा उद्योग घरच्या घरी करू नये. त्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि कापताना उडणारी त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. अशा छपराची हवा भिंतींतल्या झरोक्यांनीच सुधारावी.

वर्षातून तीनदा वर बघा

माळ्याची तपासणी तीन वेळा करावी. पहिली शाकारणीच्या वेळी, एप्रिल-मेमध्ये. दुसरी भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये, कारण गळतं कुठे ते तेव्हाच दिसतं. तिसरी ऑक्टोबरच्या अखेरीस, लाकूड वाळलं की नाही ते बघायला.

वर गेल्यावर आधी वास घ्यावा. कुबट, ओल्या मातीसारखा वास आला तर हवा कोंडली आहे. मग टॉर्चने वाशांची आणि भिंतीची सांधणी पाहावी, कारण कूज तिथूनच सुरू होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडात सहज रुतलं तर तो भाग गेला असं समजावं. खाली पिठासारखी बारीक भुकटी पडलेली असेल तर लाकडात भुंगेरे आहेत. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. दिवसा टॉर्च विझवून उभं राहिलं की वळचणीत आणि झरोक्यांत उजेडाच्या रेषा दिसायला हव्यात, त्या दिसल्या नाहीत तर हवेची वाट बुजली आहे. सुतारकामाच्या साहित्यात लाकडातली ओल मोजणारं छोटं यंत्र मिळतं. ऑक्टोबरअखेर त्यावर १६-१७च्या खाली आकडा आला तर काळजी नाही. विसाच्या वर असेल तर आधी गळती शोधावी. गळतं छप्पर झरोक्यांनी दुरुस्त होत नाही. गळती थांबवायची आणि मगच हवेचा विचार करायचा, हाच क्रम ठेवावा.

या तपासणीत जीव धोक्यात घालू नये. सीलिंगवर पाय ठेवला तर माणूस थेट खाली येतो, वजन फक्त तुळईवर द्यावं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी माळ्यावर सर्रास सापडतात, म्हणून चढण्याआधी तिथला मेन स्विच बंद करावा. ओल्या कौलांवर तर अजिबात पाय टाकू नये.

गावचं घर बंद ठेवून मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनी या मे महिन्यात शाकारणीला सुतार बोलावला, की कौलांच्या हिशेबासोबत त्याला दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात: वळचणीतून हवा आत येते का, आणि आढ्याजवळून ती बाहेर जाते का. यातल्या एका प्रश्नाचं उत्तर जरी नाही आलं, तरी सीलिंगचा आणि रंगाचा खर्च थोडा पुढे ढकलून आधी झरोके करून घ्यावेत.